आजचं चिंतन : अर्जुनाची तक्रार नेमकी कशाबद्दल होती?



आज आषाढी एकादशी, २० जुलै २०२१. सलग दुसऱ्या वर्षी पायी वारी नाही. मानाच्या दहा पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या आणि आपण घरी बसून टीव्हीवर पाहिल्या. सकाळपासून माझ्या फोनवर एकोणीस विठ्ठल आलेत. त्यातले सहा एकच आहेत.

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय सहावा, श्लोक ३२ ते ३४.

यातला ३४वा श्लोक तुम्हाला माहीत असणारच. मन चंचल आहे, त्याला आवरणं वाऱ्याला धरण्याइतकं अवघड वाटतं, असं अर्जुन तिथे म्हणतो. ध्यानाच्या प्रत्येक ॲपवर, प्रत्येक मोटिव्हेशनल रीलमध्ये हा श्लोक येतो. मीही आपल्या शनिवारच्या ग्रुपमध्ये तो निदान दहा वेळा सांगितला असेल, आणि दहाही वेळा एकाच अर्थाने : बघा, अर्जुनाचंसुद्धा लक्ष लागत नव्हतं, मग आपली काय कथा.

मागच्या आठवड्यात परत वाचायला बसलो आणि एक साधी गोष्ट लक्षात आली. ती आधी दिसली नाही याची लाज वाटते. अर्जुन हे कधी म्हणतो? कृष्ण आसन, नजर, श्वास यांबद्दल सांगतो तेव्हा तो गप्प आहे. खाणं-झोपणं मापात ठेव असं १६व्या-१७व्या श्लोकात सांगून होतं, तेव्हाही तो काही बोलत नाही. तो तोंड उघडतो ते ३२व्या श्लोकानंतर. आणि ३२व्यात विषय वेगळाच आहे. दुसऱ्याचं सुख आणि दुःख स्वतःवरून ओळखून जो सगळीकडे सारखंच पाहतो, तो योगी कृष्णाला सगळ्यांत श्रेष्ठ वाटतो. मूळ शब्द आहे 'औपम्य', म्हणजे स्वतःची उपमा लावून बघणं. त्यावर ३३व्या श्लोकात अर्जुन म्हणतो की हा साम्याचा योग माझ्याच्याने टिकेल असं दिसत नाही. आणि मग कारण देतो : मन चंचल आहे.

म्हणजे त्याची तक्रार एकाग्रतेबद्दल नव्हतीच, किंवा नुसती तेवढीच नव्हती. समोरच्याला स्वतःसारखं बघणं मनाला टिकवता येत नाही, ही त्याची अडचण आहे. क्षणभर जमतं, मग मन उडून स्वतःकडे येतं.

हे वाचलं आणि गेलं सव्वा वर्ष डोळ्यांसमोरून गेलं. आज तेच लिहिणार आहे. थोडं मोठं होईल, उपवासाच्या दिवशी वेळ असतो.

आपला ग्रुप एप्रिल २०२० मध्ये सुरू झाला. लॉकडाऊनचा दुसरा-तिसरा आठवडा. आम्ही चौदा जण. पुणे, ठाणे, नाशिक आणि एक जण बंगळूरला अडकलेला. झूमचं फुकटचं खातं, त्यामुळे चाळीस मिनिटं झाली की कृष्ण वाक्याच्या मध्येच तुटायचा आणि सगळे परत लिंकवर क्लिक करून यायचे. सुरुवात सहाव्या अध्यायापासून केली, कारण घरात बसून करण्यासारखा योग हाच, असा माझा हिशोब. सोबत ज्ञानेश्वरी. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं सविस्तर वर्णन आहे, आणि खरं सांगतो, आमच्याकडे सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच आले. तीन शनिवार कुंडलिनी. ३२व्या श्लोकाला बहुतेक सात मिनिटं मिळाली.

एक मुलगा होता, चोवीस वर्षांचा. (त्याला विचारून लिहितोय.) जुलै २०२० मध्ये पहिली नोकरी लागली, तीही घरूनच. लॅपटॉप कुरिअरने आला. ऑफिस पाहिलेलं नाही, मॅनेजरला कमरेखाली पाय आहेत की नाही हेसुद्धा माहीत नाही, असं तो म्हणायचा. एका शनिवारी सगळे गेल्यावर थांबला आणि म्हणाला, "दादा, मला झोपच येत नाही. तीनला मॅगी करतो, पाचला डोळा लागतो, दहाला स्टँडअप."

मी लगेच १७वा श्लोक काढला. मापात आहार, मापात विहार, मापात झोप. वर एक्सेल शीट पाठवली : झोपायची वेळ, उठायची वेळ, स्क्रीन किती तास, जप किती माळा. इंजिनिअरला दुसरं काय सुचणार! त्याने प्रामाणिकपणे भरली. दोन महिन्यांत आकडे सुधारले, ग्राफ छान वर गेला. मी ग्रुपवर त्याचं कौतुक केलं. त्यावर त्याचा वेगळा मेसेज आला : "दादा, झोप लागते आता. पण उठून काय करायचं ते कळत नाही."

त्याला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुतेक नमस्काराचा इमोजी.

आता दुसरी गोष्ट. ही माझी आहे.

आमच्याकडे सात वर्षं एक मावशी कामाला आहेत. भांडी, केर-फरशी. आमच्यासकट चार घरं. दर वर्षी आषाढीच्या आधी त्यांची पंधरा दिवसांची सुट्टी ठरलेली, कारण पुण्याहून दिंडीत पंढरपूरपर्यंत चालत जातात. नऊ वाऱ्या झाल्यात. मी गीता वाचणारा, ज्ञानेश्वरी सांगणारा. माझी एकही नाही. दर वर्षी त्या पंधरा दिवसांत भांडी घासताना माझी चिडचिड व्हायची, हेही कबूल करून टाकतो.

मार्च २०२० मध्ये सोसायटीचं गेट बंद झालं. पुण्यातले पहिले रुग्ण ९ मार्चला सापडले होते, ते दुबईहून आलेले. म्हणजे आजार आला तो विमानातून, आमच्यासारख्यांच्याच वर्गातून. पण गेट बंद झालं ते वस्तीतून चालत येणाऱ्यांसाठी. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. सगळेच घाबरलेले होते. मी दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होतो.

एप्रिलचे पैसे पूर्ण दिले. मेचे निम्मे. जून आला तेव्हा बायकोला म्हणालो, "बघू, ऑफिसमध्ये काय होतंय." ऑफिसमध्ये काहीच झालं नव्हतं. पगार एक रुपया कमी झाला नव्हता, उलट पेट्रोल आणि बाहेरचं खाणं वाचत होतं. तरी "बघू" म्हणालो. जुलैमध्ये तो विषयही निघाला नाही.

१ जुलै २०२०, आषाढी. त्या वर्षी पादुका आदल्या दिवशी एसटीने पंढरपूरला गेल्या होत्या. फुलांनी सजवलेली बस आणि तिच्यात बसलेले माउली, ते दृश्य बघून घरोघरी लोक रडले होते. आम्ही त्या दिवशी ऑनलाइन भजन ठेवलं होतं. होस्ट मी. फोन सायलेंटवर टाकला. भजन संपल्यावर पाहिलं तर मावशींचे दोन मिस्ड कॉल. मला वाटलं, पैशांसाठी असणार. म्हणून लगेच फोन केला नाही. परवा केला.

त्या म्हणाल्या, "काय नाय दादा, एकादशी होती ना. दर साली वाटेतनं फोन करते वहिनींला. यंदा घरातनंच केला."

त्यावर मी "हो हो, राम कृष्ण हरी" असं काहीतरी म्हणालो.

ऑगस्टमध्ये सोसायटीने कामवाल्यांना परत यायला परवानगी दिली. त्यासाठी नियम लागणार, आणि नियमांसाठी फॉर्म. तो गुगल फॉर्म मी बनवला. चांगला बनवला होता, ड्रॉपडाउन वगैरे. नाव, पत्ता, घरात किती माणसं, कुणाला खोकला, किती घरी काम. गेटवर कपाळाला ताप मोजायची गन, रजिस्टरमध्ये नोंद, आणि मागचीच लिफ्ट वापरायची. रहिवाशांना यातलं काही नाही. कुणी दिल्लीहून विमानाने आलेला असो, गाडी थेट बेसमेंटमध्ये.

मावशी पहिल्या दिवशी आल्या, हात धुतले, मास्क नीट केला आणि केर काढता काढता सहज विचारलं, "दादा, तुमचा पण ताप बघत्यात का खाली?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी म्हणालो, "नाही, आमचा नाही बघत." त्या "बरं" म्हणाल्या आणि कोपऱ्यातला केर काढायला वाकल्या.

कृष्णाचं औपम्य म्हणजे बहुधा हाच प्रश्न असावा. मला जे लावता ते तुम्हालाही लागतं का? मी त्याच आठवड्यात ग्रुपवर प्राणायामाचे फायदे सांगितले होते.

इथे विनोबांची आठवण होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली, दर रविवारी एक अध्याय, आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. खऱ्याखुऱ्या बंद दारांआड झालेलं वाचन ते. आमच्यासारखं नव्हे, हॉटस्टार आणि बिगबास्केटसकट. तर सहाव्या अध्यायावर बोलताना विनोबा एकाग्रतेला दोन गोष्टी जोडतात : जगण्यात माप असणं आणि दृष्टीत समता असणं. आणि त्यांचं म्हणणं असं की भोवतालच्या जगाबद्दल मनात भीती असेल, तर चित्त एकाग्र होऊच शकत नाही. चारी बाजूंनी शत्रू दिसत असताना डोळे मिटून कोण बसेल?

मला हे फार प्रॅक्टिकल वाटलं. २०२० मध्ये आपल्यातले कितीतरी जण म्हणत होते की ध्यानाला बसलं की छातीत धडधडतं. आपण त्यावर श्वासाचे प्रकार शोधले. पण दिवसभर आपण करत काय होतो? दारात येणारा प्रत्येक माणूस धोका आहे, असंच मनाला शिकवत होतो. डिलिव्हरीवाला, कचरा नेणारा, मावशी. सकाळी वीस मिनिटं सगळ्यांत एकच आत्मा, आणि नऊपासून लांबून बोला. काळजी घ्यायला हवीच होती, मास्क-अंतराबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी स्वतः दोन मास्क लावून फिरलोय. पण काळजीचं ओझं कुणाच्या डोक्यावर ठेवायचं, ते ठरवताना आपण स्वतःची उपमा लावली नाही. विषाणूला मुख्य लिफ्ट आणि मागची लिफ्ट कळत नाही.

"आपली संस्कृती" हा विषयही ग्रुपवर तेव्हा जोरात होता. वारी बंद, मंदिरं बंद, संस्कृतीचं काय होणार? मी त्यावर एक लांबलचक पोस्टसुद्धा लिहिली होती. आता वाटतं, दर वर्षी वारी ज्यांच्या पायांवर चालते त्यांतली एक बाई माझ्या घरात भांडी घासत होती, आणि तिला यंदा कसं वाटतंय हे मी विचारलं नव्हतं. दिंडीत पुढे कोण, मागे कोण, कुणाचा ताप किती हे न बघता अठरा-वीस दिवस माणसं एकमेकांच्या पाया पडत चालतात. ते सगळं ज्यांना येतं, त्यांना आम्ही मागच्या लिफ्टने आणत होतो. दामाजीपंतांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो : मंगळवेढ्यात दुष्काळ पडला आणि त्यांनी सरकारी धान्याची कोठारं लोकांसाठी उघडली. माझ्या कोठारात महिन्याचे साडेतीन हजार रुपये होते.

मग २०२१ चा एप्रिल आला.

त्या महिन्याबद्दल जास्त लिहीत नाही, तुम्ही सगळे त्यातून गेलात. आपल्या ग्रुपमधले सात-आठ जण बेड आणि ऑक्सिजनच्या शीटवर काम करत होते : आलेल्या नंबरवर फोन करायचा, खरा की खोटा बघायचं, वेळ टाकायची, पुढे पाठवायचं. तो चोवीस वर्षांचा मुलगा, आता पंचवीसचा, त्यात सगळ्यात पुढे. त्याने एका आठवड्यात बनवलेली पद्धत आमच्या ऑफिसच्या टीमला जमली नसती. रेमडेसिव्हिर, प्लाझ्मा यांसाठी रात्ररात्र फोन. (प्लाझ्मा तर मे महिन्यात उपचारांच्या सरकारी सूचनांमधूनच काढून टाकला. आपण त्यासाठी किती जणांना पळवलं ते आठवून अजून कसंतरी होतं.) एका रात्री मला म्हणाला, "दादा, आता उठून काय करायचं ते कळतंय."

मला भरून आलं. बघा, ३२वा श्लोक जगतोय पोरगा. आणि मी परत चुकलो, या वेळी दुसऱ्या बाजूने.

एक मेला पहाटे त्याने एका बाईंना फोन केला, बेड मिळालाय सांगायला. त्यांचे यजमान तासाभरापूर्वी गेले होते. त्यानंतर त्याचा फोन तीन दिवस बंद. चौथ्या दिवशी त्याच्या आईशी बोललो तेव्हा कळलं, तो दहा दिवस रोज जेमतेम तीन-चार तास झोपत होता. माझी ती शीट त्याने केव्हाच बंद केली होती आणि मी विचारलंही नव्हतं. आधी त्याला १७वा श्लोक दिला तेव्हा ३२वा लपवला, आणि आता ३२व्याच्या नशेत १७वा विसरलो.

या अध्यायात दोन्ही एका मागोमाग आहेत, ते उगाच नाही. ज्याला दुसऱ्याचं दुःख आपलं वाटतं, त्यालाच मापाची सगळ्यात जास्त गरज. नाहीतर ते दुःख त्याला घेऊन बुडतं. त्यानंतर आम्ही शिफ्ट लावल्या. तीन तासांच्या वर कुणी फोनवर नाही, रात्री अकरानंतर फक्त दोघे, आणि मृत्यूची बातमी ज्याला कळेल त्याने त्या दिवशी पुढचा फोन करायचा नाही. हा शेवटचा नियम त्या मुलाने सुचवला. तो स्वतः एका समुपदेशकांकडे जायला लागला, अजून जातो. हे लिही असं त्यानेच सांगितलं. "नुसता जप कर असं मला कुणी म्हणालं असतं तर मी ग्रुप सोडला असता," हेही. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये 'किरण' नावाची मोफत हेल्पलाइन सुरू केली होती, तिथे मराठीत बोलता येत होतं. ज्यांना घरी सांगता येत नाही त्यांनी अशा एखाद्या हेल्पलाइनपासून सुरुवात करा. ते साधनेत कमीपणाचं नाही.

त्याच एप्रिलमध्ये मावशींचे यजमान आजारी पडले. रिक्षा चालवतात. वाचले, देवाची कृपा. पण दीड महिना रिक्षा उभी. तेव्हा राज्य सरकारने निर्बंधांच्या काळासाठी नोंदणी असलेल्या घरेलू कामगारांना दीड हजार रुपये जाहीर केले होते. मी उत्साहाने मावशींना फोन केला, तुमचं कार्ड आहे ना? त्यांना अशी काही नोंदणी असते हेच माहीत नव्हतं. महाराष्ट्रात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालचा आहे. मलाही तो त्याच दिवशी कळला. मी काम देतो, आणि मला माहीत नाही.

नोंदणीचा अर्ज भरायला बसलो आणि पहिल्याच रकान्याशी अडलो. पूर्ण नाव. मी बनवलेल्या त्या गुगल फॉर्ममध्ये त्यांचं नाव होतं, पण ते वॉचमनने भरलं होतं : पहिलं नाव, आणि आडनावाच्या जागी आमच्या फ्लॅटचा नंबर. सात वर्षं झाली होती. मी फोनवर विचारलं, "मावशी, आडनाव काय तुमचं?" त्या हसल्या. मग सावकाश, एक एक अक्षर सांगितलं. सरकारी कागदावर चुकू नये म्हणून.

२०२० चे राहिलेले पैसे, निम्मा मे, जून आणि जुलै मिळून आठ हजार सातशे पन्नास, या मे महिन्यात दिले. त्यांनी मोजले आणि विचारलं, "हे कशाचं?" मी सांगितलं. त्यांनी पैसे पदराच्या गाठीला बांधले आणि म्हणाल्या, "तवा लागलं असतं." बस, एवढंच. त्यावर मला उत्तर नव्हतं, आजही नाही. गेलेल्या वेळेचं दुःख नंतर पैशात फेडता येत नाही. कुणी फिटतं म्हणालं तर मला पटणार नाही.

आणि हो, तापाच्या गनचं. जूनच्या सोसायटी मीटिंगमध्ये मी ठराव मांडला की मोजायचा तर सगळ्यांचा, नाहीतर कुणाचाच नको. लिफ्टही एकच. चर्चा झाली, दोघांनी पाठिंबा दिला, एका काकांनी "तुम्ही फार वाचता" असं म्हटलं. ठराव पुढच्या मीटिंगवर गेलाय. पुढची मीटिंग कधी, ते ठरलेलं नाही. म्हणजे अर्जुनाची तक्रार अजून तिथेच आहे, आणि मीही. परवाच डिलिव्हरीवाल्याने दार दोनदा वाजवलं तर मी खेकसलो. ३५व्या श्लोकात कृष्ण त्याला नाही म्हणत नाही, अवघड आहे हे मान्य करतो, आणि मग अभ्यास सांगतो. अभ्यास म्हणजे तेच परत, रोज.

आज सकाळी दूध आणायला खाली गेलो होतो. परत येताना गेटवर मावशी भेटल्या, कपाळाला बुक्का, ताप मोजायला रांगेत. मी त्यांच्या मागे उभा राहिलो. वॉचमनला कळेना काय करावं. "साहेब, तुम्ही जा ना." मी म्हटलं, माझाही बघा. थोडं नाटकी झालं हे मलाही कळत होतं. त्याने गन लावली, ९७.४. मग रजिस्टर उघडलं आणि पेन हातात धरून थांबला, कारण रहिवाशांसाठी त्यात रकानाच नाही.

मावशी म्हणाल्या, "माझ्या खाली लिही रं. पूर्ण नाव लिही."

उद्याचं वाचन : अध्याय सहावा, श्लोक ३५ आणि ३६.

राम कृष्ण हरी.